पीएचडी झाली (म्हणजे जवळजवळ). आता पोस्टडॉक की कंपनी?

बेंझीनबाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी केली. थिसिस जुलैत जमा झाला, परीक्षकांचे अहवाल यायचेत, व्हायवा (तोंडी परीक्षा) बहुतेक जानेवारीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागले तेव्हा जेआरएफ (पीएचडीची सरकारी फेलोशिप) महिना ३१ हजार होती. मध्ये कोविडने लॅबला कुलूप लावलं. २०२३ च्या वाढीनंतर एसआरएफ (तिचाच वरचा टप्पा) ४२ हजार झाली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाच वर्षं भरल्यावर शून्य झाली. तेव्हापासून सरांच्या प्रोजेक्टमधून अधूनमधून जे मिळतं ते, आणि नवऱ्याचा पगार. वय ३०.

आता हातात दोन गोष्टी आहेत. एक, जर्मनीत दोन वर्षांचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन. ग्रुप उत्तम, विषय माझ्यासाठी नवा. दुसरी, एका औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटची नोकरी, म्हणजे लॅबमधली रिअॅक्शन कारखान्याच्या प्रमाणावर बसवायचं काम. आरअँडडी पुण्यातच आहे, पण प्लांट कुरकुंभला, त्यामुळे आठवड्यातून एकदोनदा तिकडे जावं लागेल. दोघांनाही २० तारखेपर्यंत उत्तर हवंय.

सर म्हणतात, "कंपनीत गेलीस की केमिस्ट्री संपली." बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. त्यांनी बार्शीत अर्ध्या गावाला सांगून ठेवलंय की मुलगी प्राध्यापक होणार. नवरा म्हणतो, "तुला हवं ते कर." या उत्तराचा मला काडीचा उपयोग नाही.

माझे प्रश्न दोनच. कंपनीत गेल्यावर परत अकादमीत येता येतं का? आणि पोस्टडॉक करून मग कंपनीत गेलं तर ती दोन वर्षं फुकट जातात का?

तिसरीघंटा

मी पहिला! चणेफुटाणे घेऊन बसलोय, चालू द्या.

(आमची पीएचडी तिसऱ्या वर्षी गुंडाळली, त्यामुळे मत द्यायचा अधिकार नाही. तरी देणार आहेच, पण नंतर.)

सीएचबीवाला

ताई, बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

मी भौतिकशास्त्रात पीएचडी. सेट आहे, नेट आहे (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा), पेपर आठ. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा, सगळं बिनपगारी. तेही दरमहा येत नाहीत. बिलं वर जातात, शेरा मारून खाली येतात, पुन्हा वर जातात. मागच्या वर्षी ऑगस्ट ते डिसेंबरचे पैसे मार्चमध्ये एकदम मिळाले. त्या पैशातून किराणावाल्याची उधारी फेडली आणि एक सायकल घेतली, मुलीला कबूल केली होती म्हणून.

शेजारच्या खोलीत तोच विषय, तोच वर्ग शिकवणारे पर्मनंट सर आहेत. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता वेगळा. मला कामाचा राग नाही. मला शिकवायला आवडतं. पण पर्मनंटच्या मुलाखतीला गेलो की शेवटी एक गृहस्थ बाहेर पॅसेजमध्ये गाठतात आणि 'संस्थेला काय मदत करू शकाल' असं विचारतात. दोनदा झालं. आकडा लिहीत नाही, इथे लहान मुलंही वाचतात.

आणि गंमत ऐका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात लिहिलं होतं की विद्यापीठाच्या विभागात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागणारच, जुलै २०२१ पासून. मग ते २०२३ पर्यंत पुढे ढकललं. २०२३ च्या जुलैत सांगितलं, पीएचडी ऐच्छिक, नेट-सेट पुरे. आमच्यासारख्यांनी तोवर उरस्फोड करून पीएचडी मिळवून ठेवली होती.

भीमथडी

कुरकुंभ वाचून आलो. मी प्रोसेस केमिस्ट आहे, सतरा वर्षं झाली. पीएचडी नंतर सरळ कंपनीत, पोस्टडॉक नाही. माझेही सर हेच म्हणाले होते, की केमिस्ट्री संपली. संपली नाही. उलट मला तोवर जी केमिस्ट्री येत होती ती किती अर्धवट होती ते पहिल्या सहा महिन्यांत कळलं.

लॅबमध्ये तुम्ही काय करता? रिअॅक्शन लावली, टीएलसी पाहिली, वर्कअप केलं, रोटाव्हॅपवर आटवलं, कॉलम टाकला (सिलिका भरलेल्या नळीतून माल वेगळा केला), १८० मिलिग्रॅम शुद्ध माल. पेपरला तेवढा पुरतो. प्लांटमध्ये माझ्या मॅनेजरने पहिल्याच मीटिंगला विचारलं, "कॉलमशिवाय कसं करणार?" २०० किलोच्या बॅचला कॉलम टाकायचा तर सिलिकाचा डोंगर आणि सॉल्व्हंटचा टँकर लागेल. म्हणजे माल स्फटिकरूपात खाली बसला पाहिजे आणि कचरा मदर लिकरमध्ये (वर उरलेल्या द्रावात) राहिला पाहिजे. दोन महिने मी फक्त त्यासाठी सॉल्व्हंटच्या जोड्या लावत होतो. ज्या डीसीएम (डायक्लोरोमिथेन) सॉल्व्हंटवर आपलं विद्यार्थिजीवन पोसलं गेलं ते इथे शक्यतो नको, कारण अंतिम औषधात त्याचे अंश ६०० पीपीएमच्या आतच असावे लागतात. आटवून कोरडं करायची चैनही नाही. २००० लिटरच्या रिअॅक्टरमध्ये 'कोरडं' असं काही नसतं, स्टररचं पातं उघडं पडायच्या आत थांबावं लागतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट उष्णता. भांडं लांबी-रुंदी-उंचीने दहापट केलं की आतला माल हजारपट होतो, पण थंड करणारी भिंत शंभरपटच होते. उष्णता तयार होते मालाच्या हिशेबाने आणि बाहेर जाते भिंतीच्या हिशेबाने. फ्लास्कमध्ये जी रिअॅक्शन गरीब गाय असते ती रिअॅक्टरमध्ये शिंगं उगारते. हे कुठल्या एमएस्सीच्या पेपरात विचारतात सांगा.

तोटेही सांगतो. प्रोजेक्ट कधी बंद होईल याचा नेम नाही. दीड वर्ष घासून मार्ग बसवला, व्हॅलिडेशन बॅचच्या तोंडावर वरून फोन, "बाजारात भाव पडला, थांबवा." फाईल कपाटात. पेपर छापता येत नाही. सतरा वर्षांत माझे पेपर दोन, तेही सहलेखक म्हणून. रात्री दोनला शिफ्ट इनचार्जचा फोन येतो की सर, तापमान चढतंय. तेव्हा तुमची डॉक्टरेट कुणी विचारत नाही.

निवृत्त_मास्तर

मी ३३ वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून जरा खिन्न झालो. प्राध्यापकी म्हणजे केवळ वेतनश्रेणी नव्हे. दरवर्षी जूनमध्ये नवे चेहरे येतात. त्यातल्या एखाद्या मुलाला टायट्रेशनचा शेवटचा थेंब पडल्यावर फिकट गुलाबी रंग टिकलेला दिसतो आणि तो मान वर करून आपल्याकडे पाहतो. हा आनंद कुठली कंपनी देईल? बेंझीनबाईंच्या वडिलांचं स्वप्न चुकीचं नाही.

सीएचबीवाला

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे. एकच विचारतो, नोकरीला कधी लागलात आणि पेन्शन जुनी की नवी?

निवृत्त_मास्तर

१९८४. जुनी. मुद्दा समजला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती नाही आणि तुमच्यासारख्यांना तर नवीही नाही. मला एमएस्सीचा निकाल लागल्यावर एकवीस दिवसांत नोकरी मिळाली होती. पायरी तीच आहे असं मी धरून चाललो, ती चूक.

पण एक पुस्ती जोडतो. 'अकादमी की उद्योग' ही फाळणी आपल्याकडे सरसकट नव्हती. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे आजचं आयसीटी, १९३३ साली निघालं तेच रंग, कापड, तेल या धंद्यांची गरज डोळ्यांसमोर ठेवून. तिथले मनमोहन शर्मा हे रॉयल सोसायटीवर निवडून गेलेले रासायनिक अभियंते. सकाळी फळ्यावर वस्तुमान संक्रमण शिकवायचं आणि कारखानदारांना सल्लाही द्यायचा, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. इकडे पाषाणला एनसीएलमध्येही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) उद्योगांसाठी काम करण्याची जुनी परंपरा आहे. सर 'केमिस्ट्री संपली' म्हणत असतील तर ते आपल्याच गावचा इतिहास विसरतायत.

डेसिबल

मास्तर, आयसीटीचा अपवाद घेऊन नियम मांडू नका. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये ते जमतं. माझ्यासारख्या सैद्धांतिक भौतिकीवाल्याने कुठल्या कारखान्यात जायचं? आमच्याकडे कंपनी म्हणजे बँकेत जाऊन कर्जबुडव्यांचं मॉडेल बनवणं. गेले आहेत लोक. भरपूर कमावतात. भेटले की पहिला प्रश्न विचारतात, "आर्काइव्हवर (ताजे पेपर टाकायच्या संकेतस्थळावर) काय नवीन?" आणि डोळे पाणावतात.

मी स्पष्ट बोलतो, रागावू नका. प्रश्न कुतूहलाचा आहे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे तर स्वतःला पडला म्हणून प्रश्न सोडवायचा, हे फक्त अकादमीत होतं.

कोकमआगळ

"स्वतःला पडला म्हणून" 😂 सायबा, ग्रँटचा अर्ज कधी भरलायस का? त्यात लिहितोस तो प्रश्न तुला पडलेला असतो की समितीला पडावासा वाटणारा?

(वेर्णा, गोंय. फॉर्म्युलेशनमध्ये. गोळी पोटात नेमकी कधी फुटावी हा प्रश्न मला रोज पडतो, स्वतःहून.)

अर्धाकप

डेसिबल, कुतूहलाची मक्तेदारी अकादमीकडे असती तर विश्वाच्या जन्माच्या वेळचा उरलासुरला प्रारण-गुंजारव टेलिफोन कंपनीच्या अँटेनात सापडला नसता. पेन्झियास आणि विल्सन बेल लॅबचे पगारी नोकर होते. पीसीआरची (डीएनएच्या प्रती काढायच्या तंत्राची) कल्पना कॅरी मलिसला १९८३ मध्ये सुचली तेव्हा तो सीटस नावाच्या कंपनीत होता. आणि एमआरएनए लशींमागची कातालिन कारिको? विद्यापीठाने १९९५ मध्ये तिची पदावनती केली, २०१३ मध्ये ती बायोएनटेककडे गेली, २०२३ मध्ये नोबेल.

डेसिबल

कारिकोचं मूळ काम विद्यापीठातच झालं, २००५ चा पेपर तिथलाच आहे. उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

तिसरीघंटा

कोइची तानाका. शिमाद्झू कंपनीत, २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल, पीएचडीच नाही. म्हणजे हा धागाच बाद. चला घरी.

कोकमआगळ

नाकामुरा राहिला. निळा एलईडी शोधला, कंपनीने बक्षीस दिलं २० हजार येन. तो कोर्टात गेला आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. बेंझीनबाई, ऑफर लेटरातलं पेटंटचं कलम नीट वाचा.

बेंझीनबाई

वाचलं. कलम १४. मी झोपेत पाहिलेलं स्वप्नसुद्धा त्यांचं आहे.

सगळ्यांचे आभार. भीमथडी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. नोबेलविजेत्यांनी मात्र कृपया रांगेत उभं राहावं, माझं उत्तर २० तारखेला द्यायचंय.

नेकारकाठी

जर्मनीचा मुद्दा कुणीच घेतला नाही म्हणून लिहितेय. २०१४ मध्ये पोस्टडॉकसाठी आले, आता इथल्याच एका रसायन कंपनीत आहे.

आधी चांगलं. इथे रसायनशास्त्रात पीएचडी करून उद्योगात जाणं हीच सरळ वाट समजतात. 'कंपनीत गेला, वाया गेला' असं कुणी म्हणत नाही. दाराच्या बेलवर सुद्धा डॉक्टर लिहितात. पगार सरकारी श्रेणीप्रमाणे, दोन माणसांचं नीट भागतं. नवऱ्यालाही कुटुंब व्हिसावर काम करता येतं.

आता ते जे कुणी आधी सांगत नाही. इथल्या विद्यापीठात मुदतीच्या करारावर राहण्याला कायद्याने मर्यादा आहे. ढोबळमानाने पीएचडीच्या आधी सहा वर्षं, नंतर सहा वर्षं. तेवढ्यात प्राध्यापकपद नाही मिळालं तर बहुतेकांना बाहेरचा रस्ता. मंत्रालयाने याचं समर्थन करायला एक व्हिडिओ काढला होता. त्यात हाना नावाची काल्पनिक जीवशास्त्रज्ञ होती आणि सूर असा की सगळ्यांना कायम केलं तर एकच पिढी व्यवस्था 'तुंबवून' टाकेल. २०२१ मध्ये त्यावर हजारो संशोधकांनी 'मीच हाना' म्हणून रान उठवलं. तुंबलेल्या मोरीची उपमा आपल्याला दिली तर कसं वाटेल? माझी लॅबमेट त्या दिवशी प्रसाधनगृहात जाऊन रडली. तिचं अकरावं वर्ष चालू होतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दोन वर्षं फुकट जात नाहीत, पण तीच दोन वर्षं जर्मन शिकलात तर. इथल्या लॅबमध्ये इंग्रजीवर भागतं. कंपनीच्या प्लांटमधला ऑपरेटर तुमच्याशी इंग्रजीत बोलत नाही. बी२ पातळीपर्यंत (कामकाज जमेल इतकी जर्मन) गेलात तर दार उघडं, नाहीतर दोन वर्षांनी पुण्यातलीच मुलाखत देताना दिसाल. तेव्हा वय ३२ आणि समोर २७ चे उमेदवार.

अर्धाकप

इकडचं म्हणजे बॉस्टनचं पण सांगते, कुणाला उपयोग झाला तर. जीवशास्त्र, पाच वर्षं पोस्टडॉक. एनआयएचने (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) पोस्टडॉकचं किमान मानधन २०२४ मध्ये वर्षाला ६१,००८ डॉलर केलं. भारतात आकडा ऐकून लोक चहा सांडतात, पण इथे भाडं देऊन झाल्यावर मी डाळ-तांदूळ विद्यार्थी असतानापेक्षा बारकाईने मोजत होते.

२०२१ च्या लाटेत बायोटेकमध्ये गेले. दीडपट पगार, फुकट कॉफी, सगळे खूश. २०२३ मध्ये एका मंगळवारी सकाळी नऊला कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग दिसली, दहाला बॅज बंद. माझ्या फ्रीझरमधल्या सेललाइनचं काय झालं ते आजतागायत माहीत नाही. त्यावर लेबल माझ्या अक्षरात होतं.

विद्यापीठाच्या एच-वन-बीला (कामाच्या व्हिसाला) लॉटरी नसते, कंपनीच्या असते. एक लाख डॉलरच्या नव्या फीची घोषणा २०२५ च्या सप्टेंबरात झाल्यापासून तर छोट्या कंपन्या बाहेरच्या देशातल्या उमेदवाराचं नावही काढत नाहीत. म्हणजे 'आधी पोस्टडॉक, मग बघू' हे इथे तरी पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही.

डेसिबल

पहिला प्रश्न अजून तसाच आहे, परत येता येतं का. माहिती देतो, टोमणे नंतर मारा.

भारतात आयसर किंवा आयआयटीसारख्या ठिकाणी निवड होते ती मुख्यतः गेल्या पाचेक वर्षांतल्या पेपरांवर. कंपनीत पेपर थांबले की ते दार दरवर्षी थोडं थोडं बंद होत जातं. बाहेर पोस्टडॉक करून परतणाऱ्यांसाठी रामानुजन फेलोशिप आहे, महिना १ लाख ३५ हजार. इन्स्पायर फॅकल्टी आहे, महिना सव्वा लाख आणि वर्षाला ७ लाख संशोधनासाठी. पण इन्स्पायरला सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ आहे आणि दोन्ही पाच वर्षांच्याच. पाच वर्षांनंतर संस्था कायम करेलच असं नाही. माझा एक मित्र पाच वर्षं एका संस्थेत स्वतंत्र लॅब चालवून आता पुन्हा अर्ज भरतोय. विद्यार्थी दोन, त्यांना गाईड कोण हा वेगळाच घोळ.

भीमथडी

उलट्या बाजूने एक खिडकी आहे. यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' काढलं. पंधरा वर्षांचा अनुभव असेल तर पेपर-पीएचडीची अट नाही. पण मुदत जास्तीत जास्त चार वर्षं. म्हणजे पाहुणा म्हणून या, जेवा, जा. मी शनिवारी एका कॉलेजात स्केल-अपचे चार तास घेतो, बिनपैशाचे. मास्तर म्हणतात ते खरंय, मुलं मान वर करून बघतात.

उन्हाळी_पापड

मी वेगळंच सांगते. रसायनातच पीएचडी, मूल लहान होतं तेव्हा पेटंटच्या कामात शिरले. पेटंट एजंटची परीक्षा दिली. लॅबचा वास गेला, संध्याकाळ मिळाली. तिसरा रस्ता म्हणून डोक्यात असू द्या. आणि कुणी स्वतःचं काही काढणार असेल तर बायरॅकची (केंद्र सरकारची बायोटेक संस्था) बिग योजना बघा, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. एनसीएलच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये जाऊन नुसती चौकशी केली तरी डोळे उघडतात.

तिसरीघंटा

आता माझं मत. पीएचडी सोडली तेव्हा वडील तीन महिने बोलले नाहीत. आता मी पाण्याच्या चाचण्यांची लॅब चालवतो, सांगलीत. वडील काउंटरवर बसतात आणि येणाऱ्याला सांगतात, "आमचा मुलगा जवळजवळ डॉक्टर आहे." बार्शीची काळजी करू नका. गावाला नवीन वाक्य लागतं फक्त.

नेकारकाठी

😄 'जवळजवळ डॉक्टर' टीशर्टवर छापा.

भीमथडी

बेंझीनबाई, मघापासून सगळे तुम्हाला आपापली गोष्ट सांगतोय, मीसुद्धा. तुम्हाला कुणी काही विचारलंच नाही. या सहा वर्षांत कुठलं काम करताना घड्याळ बघायचं विसरलात? पेपर आला तो दिवस नको, तो सगळ्यांनाच आवडतो. काम सांगा.

बेंझीनबाई

दोन दिवस विचार केला. लिहायला लाज वाटते, कारण ते थिसिसमध्ये नाहीच.

चौथ्या वर्षी मला एक सुरुवातीचा पदार्थ भरपूर हवा होता, म्हणून नेहमीची लिथिएशन (रेणूत लिथियम बसवायची रिअॅक्शन) २ ग्रॅमऐवजी ५० ग्रॅमवर लावली. शेजारच्या कार्बनवर फ्लोरीन असलेला ब्रोमाइड. ड्राय आइस-अॅसिटोनचा बाथ, उणे ७८, ब्युटिललिथियम थेंबथेंब, सगळं तसंच. लहान प्रमाणावर फिकट पिवळं व्हायचं. या वेळी आधी केशरी, मग तपकिरी, मग अर्ध्या तासात काळं डांबर. पुन्हा लावली, पुन्हा डांबर. सर म्हणाले सोड, २ ग्रॅमच्या पंचवीस लाव आणि पुढे जा. लॅबमेट म्हणाला ब्युटिललिथियम खराब असेल. टायट्रेट केलं, चांगलं होतं.

चौथ्या दिवशी लक्षात आलं की मी तापमान बाथचं बघतेय. फ्लास्कच्या आत थर्मामीटर कधी घातलाच नव्हता. घातला. बाथ उणे ७८, आत उणे ३५! इतक्या वर चढल्यावर माझा लिथियमवाला पदार्थ फ्लोराइड सोडून बेंझाइन (फार चंचल रेणू) होत होता आणि मग वाटेल त्याच्याशी भिडत होता. सिरिंज पंप लावून तेच दोन तासांत घातलं, आतला काटा उणे ७० च्या वर जाऊ दिला नाही. फिकट पिवळं. ७१ टक्के. रात्री पावणेबारा वाजले होते, मेस बंद, मी पायऱ्यांवर बसून एकटीच हसत होते.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, छान, पण यात नवीन काय?

भीमथडी

बाई, तुम्ही आमच्यातल्या आहात. भिंत शंभरपट, माल हजारपट हे मी तुम्हाला शिकवत बसलो आणि तुम्ही ते हाताने शोधून काढलेलं!

मुलाखतीत हे सांगितलंत का?

बेंझीनबाई

नाही. मुलाखतीत पेपर दाखवले. हे म्हणजे चूक झाली होती ती दुरुस्त केली, असंच मला वाटत होतं.

डेसिबल

माझं मत मागे घेत नाही, पण चार दिवस कुणी सांगितलेलं नसताना थर्मामीटरच्या मागे लागणं याला मी कुतूहलच म्हणेन. आणि सर 'यात नवीन काय' म्हणाले, ते आमच्या बाजूचंच वाक्य आहे. टोचलं.

निवृत्त_मास्तर

पोरी, आतला थर्मामीटर. मी बीएस्सीच्या पोरांना वर्षानुवर्षं ओरडायचो त्यासाठी. जिथे जाशील तिथे चांगलं करशील.

सीएचबीवाला

कंपनीने घेतलं नाही तर आमच्याकडे तासिका तत्त्वावर या. सायकल देऊ.

बेंझीनबाई

२० तारीख. जर्मनीच्या प्राध्यापकांना काल रात्री नकाराची मेल लिहिली. चार ओळींना दोन तास लागले. त्यांचं सकाळी उत्तर आलं, समजलं, शुभेच्छा, पुढे कधी गरज पडली तर कळव. अर्धा तास नुसती त्या मेलकडे बघत बसले. चुकलं असेलही. नेकारकाठी, तुमचा बी२ चा मुद्दा वाचल्यावर मी स्वतःला विचारलं की जर्मन शिकायला जातेय का मी, तर उत्तर नाही आलं. अर्धाकप, तुमच्या फ्रीझरचं ऐकल्यावर पाठीत शिवशिवलं. म्हणून कंपनीत पहिल्या दिवशी नोंदवहीची स्वतःपुरती आठवण कशी ठेवायची ते भीमथडींना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय. (माहिती नव्हे हो, आठवण. कलम १४ लक्षात आहे.)

कंपनीला होकार कळवला. व्हायवानंतर, १ फेब्रुवारीला रुजू. कुरकुंभची बस सकाळी सव्वासहाला स्वारगेटहून सुटते म्हणे.

बाबांना फोन केला. बराच वेळ गप्प. मग विचारलं, "म्हणजे औषधं तू बनवणार?" म्हटलं, हो, एखादं तरी. आईकडून कळलं की संध्याकाळी पारावर मुलीची औषधाची फॅक्टरी आहे असं सांगून आलेत.

तिसरीघंटा

सांगितलं नव्हतं का, नवीन वाक्य लागतं! आता बार्शीहून सर्दीच्या गोळ्यांच्या ऑर्डरी येतील, तयार रहा.

कोकमआगळ

अभिनंदन! एकच शंका. डांबर दोनदा झालं म्हणालात. ते फ्लास्क निघाले का साफ?

बेंझीनबाई

एक निघाला. दुसरा, दोन लिटरचा तीन तोंडांचा, आठवडाभर अल्कोहोलिक पोटॅशमध्ये बुडवून ठेवला होता. शेवटी काचेच्या कचऱ्यात गेला. रजिस्टरप्रमाणे तो अजून लॅबमध्येच आहे. नो-ड्यूजची (काही देणं उरलं नाही, याची) सही सोमवारी आहे, कुणाकडे जास्तीचा असेल तर व्यनि करा.